मिगचा बीड बिघडतोय? बटणांना हात लावण्याआधी अर्थ क्लॅम्प, टिप आणि वायर बघा

प्रश्न थोडक्यात असा: नवीन मिग मशीन (वायर आपोआप पुढे सरकवत, गॅसच्या आडोशाने वेल्डिंग करणारं), ०.८ मिमीची माइल्ड स्टीलची सॉलिड वायर, आर्गॉन आणि सीओटूचं मिश्रण, सरावाला ३ मिमी जाडीच्या पट्ट्या. बीड (वेल्डची रेघ) दोरी ठेवल्यासारखा उभा राहतो, कडांना मिसळत नाही. मधेच बारीक छिद्रं दिसतात. आजूबाजूला स्पॅटरचा, म्हणजे उडालेल्या धातूच्या थेंबांचा, सडा. आणि सेटिंग तेच ठेवलं तरी सकाळी बरा येणारा बीड दुपारी पार बिघडतो. व्होल्टेज आणि वायर स्पीडची बटणं फिरवून थकलो, नेमकं चुकतंय कुठे?

यातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात कामाचं वाटलं. सेटिंग चुकीचं असेल तर बीड नेहमी सारखाच वाईट येतो. कधी बरा, कधी वाईट असं होत असेल तर सेटिंग आणि आर्क (वायर आणि प्लेट यांच्यातली विजेची ज्योत) यांच्या मधलं काहीतरी हलतंय. वायर अडखळत येत असेल, करंटला परतीची वाट नीट मिळत नसेल, नाहीतर गॅस जिथे हवा तिथे पोचत नसेल. अशा वेळी बटणं फिरवत बसणं म्हणजे दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला. मी नवशिक्यांना पहिले काही दिवस बटणांना हातच लावू देत नाही, आणि ते वैतागतात हे मला माहीत आहे.

आधी मशीन कसं चालतं ते दोन शब्दांत, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. स्टिक वेल्डिंगमध्ये आपण करंट लावतो. मिगमध्ये मशीन व्होल्टेज धरून ठेवतं आणि करंट ठरतो तो वायर किती वेगाने येते त्यावर. जेवढी वायर आत येईल तेवढी वितळवायला लागणारा करंट मशीन आपोआप देतं. म्हणजे वायर स्पीडचं बटण हेच करंटचं बटण. आता वायर क्षणभर लायनरमध्ये, म्हणजे टॉर्चच्या केबलमधल्या वायरच्या नळीत, अडली तर काय होईल? करंट पडतो, आर्क लांबतो आणि वर टिपकडे (टॉर्चच्या तोंडाशी वायर जिच्यातून बाहेर येते ती) चढतो. मग वायर सुटते, झटक्याने पुढे येते आणि प्लेटवर आपटते. पातळ मटेरियलवर आपण जी शॉर्ट सर्किट पद्धत वापरतो तिच्यात वायरचं टोक सेकंदाला २० ते २०० वेळा वितळलेल्या डबक्याला टेकतं आणि तुटतं. डोळ्याला यातलं काही दिसत नाही, पण कानाला लगेच कळतं. सगळं जुळलेलं असेल तर कापड टराटरा फाडल्यासारखा सलग, बारीक आवाज येतो. मधेच फट्, मधेच शांतता, मग पुन्हा टर्र असं चाललं असेल तर बीड कसा आलाय ते बघायची गरजच नाही.

पोलॅरिटी

पोलॅरिटी म्हणजे कोणती केबल प्लसला आणि कोणती मायनसला. ही तपासणी एका मिनिटाची आहे आणि एकदाच करायची आहे. गॅससोबत सॉलिड वायर असेल तर टॉर्च प्लसला, अर्थ (जॉबला, म्हणजे ज्यावर वेल्डिंग करायचं त्याला लावायची परतीची केबल) मायनसला. गॅस न लागणारी फ्लक्स कोअर (आत फ्लक्स, म्हणजे धातूचं संरक्षण करणारी पूड भरलेली) वायर असेल तर बरोबर उलटं. गॅसशिवायही चालणाऱ्या छोट्या मशीनमध्ये जोडणी बऱ्याचदा फ्लक्स कोअरसाठी केलेली असते, आणि नवीन माणूस गॅस आणि सॉलिड वायर लावून तशीच सुरुवात करतो. मग उंच, अरुंद बीड, पेनिट्रेशन (वेल्ड प्लेटमध्ये खोल उतरणं) नाही, स्पॅटर भरपूर, आर्क थयथयाट करणारा. तुमची लक्षणं याच्याशी जुळतात, म्हणून झाकण उघडून आधी हेच बघा. आत पट्टी किंवा लग (केबलच्या टोकाचा जोड) कुठे जायला हवं याचं चित्र झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेलं असतं.

अर्थ

पोलॅरिटी बरोबर निघाली तर पुढचा संशयित अर्थ क्लॅम्प. टॉर्चमधून गेलेला सगळा करंट याच वाटेने परत येतो, आणि आपण ही वाट गंजलेल्या टेबलाच्या पायाला, रंग लावलेल्या जॉबला, नाहीतर टेबलावर नुसत्या ठेवलेल्या पट्टीच्या भरवशावर सोडतो. क्लॅम्प लावायची जागा ग्राइंडर मारून चकचकीत करा आणि क्लॅम्प शक्यतो थेट जॉबवरच लावा.

माझी सवय सांगतो. पाच-सहा बीड मारून झाले की ग्लोव्ह काढून हाताची मागची बाजू आधी क्लॅम्पच्या जवळ नेतो, धग लागली नाही तर मग टेकवतो. क्लॅम्प, केबलची लग, मशीनचं सॉकेट, तिन्ही ठिकाणी. जिथे गरम लागेल तिथे जोड ढिला आहे किंवा आतून काळा पडलाय. चांगला जोड कोमट होतो, चटका देत नाही. एकदा मी एका पोराच्या बीडवर अर्धा दिवस घालवला. टिप बदलली, लायनर फुंकला, सिलिंडरसुद्धा बदलला. शेवटी क्लॅम्प उचलायला गेलो आणि हात भाजला. जबड्याला केबल जोडणारा बोल्ट ढिला होता, रोज थोडा थोडा तापत होता. सकाळी थंड असायचा तेव्हा काम चालायचं, दुपारपर्यंत तापून कनेक्शन बिघडायचं. तुमच्या "सकाळी बरा, दुपारी वाईट" यावरून मला पहिली आठवण त्याचीच झाली.

याच्याच जोडीला एक्स्टेंशन. पातळ तारेची लांब एक्स्टेंशन, त्यातून ती रीलवर गुंडाळलेलीच ठेवलेली, तर लोड आल्यावर मशीनला मिळणारं व्होल्टेज पडतं आणि गुंडाळी तापते ती वेगळीच. जाड आणि आखूड वापरा, पूर्ण उलगडून ठेवा.

टिप, लायनर, रोलर

कॉन्टॅक्ट टिप ही खर्चाची वस्तू आहे, ती जपून ठेवायची नसते. करंट वायरमध्ये जातो तो या टिपच्या भोकातून. वायर घासून घासून भोक लंबगोल होतं. मग वायर आत कधी या भिंतीला टेकते, कधी त्या, आणि करंट द्यायची जागा सतत बदलते. टिप काढून उजेडाकडे धरा. भोक गोल दिसत नसेल किंवा तोंडाशी स्पॅटर वितळून चिकटला असेल तर फेकून द्या. टिपवरचा आकडा वायरशी जुळतो का तेही बघा. ०.८ च्या वायरला १.० ची टिप लावून "आर्क नाचतोय" म्हणणारे मी कमी पाहिले नाहीत. टिप हाताने फिरवून सोडू नका, पान्याने हलकी आवळा. ढिली टिप म्हणजे ढिल्या अर्थचंच भावंड.

वायरची वाट तपासायची एक सोपी रीत आहे. टॉर्च केबल सरळ पसरा, रोलरचा दाब सोडा आणि वायर हाताने ओढा. ती एकसारखी, मऊ सरकली पाहिजे. कचकच करत, अडत आली तर लायनरमध्ये वायरची धूळ आणि तांब्याचा भुगा साचलाय. वायर काढून, टिप उतरवून, कॉम्प्रेसरची हवा मशीनच्या बाजूने मारा. टॉर्चच्या तोंडातून काळी भुकटी उडेल, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा. प्रत्येक नवीन स्पूलला हे केलं तर लायनर बरेच दिवस टिकतो. आणि वेल्डिंग करताना केबलला वेटोळं घालून बसू नका. प्रत्येक वळण म्हणजे वायरला एक ब्रेक.

रोलरचा दाब किती? वायर चालू करून टॉर्च एका लाकडी ठोकळ्यासमोर चार-पाच सेंटीमीटरवर तिरपी धरा. वायर लाकडाला टेकून गोल वळत बाहेर आली पाहिजे. रोलर घसरत असेल तर दाब थोडा वाढवा. पण "अजून थोडा" करत आवळत राहू नका. जास्त दाबाने वायर चपटी होते, चपटी वायर टिपमध्ये अडते, आणि मागे रोलरपाशी वायरचं घरटं होतं. सॉलिड स्टील वायरला व्ही खाचेचा रोलर, फ्लक्स कोअरला दातेरी. दातेरी रोलर सॉलिड वायरला ओरबाडतो आणि तो भुगा थेट लायनरमध्ये जातो. स्पूलचा ब्रेक एवढाच असावा की ट्रिगर सोडल्यावर स्पूल जागच्या जागी थांबेल. जास्त घट्ट असेल तर मोटर बिचारी ओढत राहते.

वायर गंजली असेल तर तिचा लोभ सोडा. दमट जागी मशीनवर महिनोनमहिने पडून राहिलेल्या स्पूलचे वरचे वेढे तपकिरी होतात. ते वेढे काढून टाका, खाली स्वच्छ वायर लागली तर ठीक.

छिद्रं: गॅस आणि घाण

बीडमध्ये टाचणीने टोचल्यासारखी छिद्रं, किंवा बीड तोडल्यावर आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखं दिसणं, हे पोरोसिटीचं लक्षण. वितळलेल्या धातूत वायू अडकला आणि धातू गोठण्याआधी त्याला बाहेर पडता आलं नाही. हा वायू एकतर बाहेरच्या हवेतून आला, नाहीतर प्लेटवरच्या घाणीतून. दोन्ही वेगळे ओळखायची युक्ती अशी: स्वच्छ ग्राइंड केलेल्या पट्टीवर एक बीड मारा. तिथेही छिद्रं आली तर दोष गॅसच्या वाटेत. तिथे बीड स्वच्छ आला आणि जॉबवर छिद्रं येत असतील तर दोष जॉबच्या पृष्ठभागात. एवढ्या एका चाचणीने अर्धा शोध संपतो, आणि तरीही फार कमी जण ती करतात.

गॅसच्या वाटेत आधी प्रवाह बघा. मिनिटाला १० ते १५ लिटर, बंद जागेत १२ च्या आसपास. नवशिक्याची सहज चूक म्हणजे छिद्रं दिसली की प्रवाह २५ वर नेणं. नोझलमधून (टिपभोवतीच्या गॅसच्या तोटीतून) गॅस फार जोरात सुटला की तो शांत चादरीसारखा पसरत नाही, भोवरे करतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. छिद्रं वाढतात, माणूस आणखी उघडतो, सिलिंडर रिकामा होतो. फ्लोमीटरचा गोळा ट्रिगर दाबलेला असतानाच वाचायचा. ट्रिगर न दाबता दिसणारा प्रेशरचा आकडा म्हणजे प्रवाह नव्हे.

शुद्ध सीओटू वापरत असाल तर सिलिंडरच्या प्रेशर गेजवर फार विश्वास ठेवू नका. आत सीओटू द्रवरूपात असतो, आणि द्रव शिल्लक आहे तोपर्यंत खोलीच्या तापमानाला काटा साधारण ५५ ते ६० बारवरच राहतो. द्रव संपला की झपकन खाली येतो. किती उरलाय हे वजनावरूनच कळतं. आर्गॉन मिश्रणात मात्र गॅस संपत जातो तसा काटा खाली येत जातो. सीओटूच्या रेग्युलेटरवर सलग कामात बर्फ धरतो आणि प्रवाह अडतो, म्हणून मोठ्या कामाला हीटर लावलेला रेग्युलेटर असतो.

मग वारा. मिगचा गॅस नाजूक असतो. ताशी ८ किमीच्या वाऱ्यानेही तो विस्कटतो, आणि एवढा वारा म्हणजे चेहऱ्याला जेमतेम जाणवणारी झुळूक. दुपारी उकडतं म्हणून मागे पंखा लावला जातो, दार उघडलं जातं, आणि बीड बिघडतो. तुमच्या दुपारच्या तक्रारीचा हा दुसरा संभाव्य धनी. धूर बाहेर जायलाच हवा, त्यात तडजोड नाही. पण हवेचा झोत डबक्यावर न येता धूर बाजूने ओढला जाईल अशी मांडणी करा.

नोझलमध्ये डोकावून बघा. आत स्पॅटरची अंगठी जमली असेल तर गॅस एका बाजूनेच बाहेर पडतो. पक्कडने साफ करा. अँटी-स्पॅटर जेल थोडंच लावा. नोझल त्यात बुडवून काढली तर डिफ्यूजरची, म्हणजे आत गॅस पसरवणाऱ्या भागाची, भोकं बुजतात आणि त्या जेलनेच छिद्रं येतात. नळी, जोड, टॉर्चच्या मागची ओ-रिंग यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहा. मला एकदा एक विचित्र केस मिळाली होती: टेबलाच्या डाव्या टोकाला बीड स्वच्छ, उजव्या टोकाला छिद्रंच छिद्रं. मटेरियल तेच, हात तोच. निघालं असं की उजवीकडे काम करताना गॅसची नळी एका ठराविक जागी वाकायची आणि तिथली बारीक चीर उघडायची. नळी सरळ केली की चीर मिटायची. तेव्हापासून साबणाचं पाणी मी नळी वाकवूनच लावतो.

आता प्लेटवरची घाण. हॉट रोल्ड पट्टीवर जो निळसर-काळा कडक थर असतो ती मिल स्केल. बघायला स्वच्छ वाटते, पण ती लोखंडाची ऑक्साइड आहे, धातू नव्हे. स्टिकचा रॉड फ्लक्सच्या जोरावर बरंच काही सहन करतो. मिगची सॉलिड वायर नाही करत. जोडाच्या दोन्ही बाजूंना साधारण २ सेंटीमीटर चकचकीत धातू दिसेपर्यंत ग्राइंडर किंवा फ्लॅप डिस्क मारा. तुमचा दोरीसारखा बीड निम्मा तरी या काळ्या थरामुळे असेल, कारण वितळलेला धातू स्केलवर पसरत नाही, कमळाच्या पानावरच्या पाण्यासारखा गोळा होऊन बसतो.

ग्रीस आणि तेल पुसायला क्लोरिन असलेला ब्रेक क्लीनर कधीही वापरू नका. आर्कच्या अतिनील किरणांनी आणि उष्णतेने त्याच्या वाफेतून फॉस्जीन तयार होतो, आणि तो जीव घेऊ शकणारा विषारी वायू आहे. अ‍ॅसिटोनने पुसा, पूर्ण सुकू द्या, फडकं दूर ठेवा. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा झिंकचा थर वेल्डच्या जागेवरून काढल्याशिवाय आर्क पेटवू नका. त्याच्या धुराने काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येतं, आणि बीडला छिद्रं पडतात ती वेगळीच.

आता बटणं

इथपर्यंत सगळं तपासलं असेल तर सेटिंगला हात लावा. सुरुवातीचा ढोबळ हिशोब: माइल्ड स्टीलला जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरला साधारण ४० अँपिअर. म्हणजे ३ मिमीला १२०. ०.८ च्या वायरवर १२० अँपिअरसाठी वायर मिनिटाला सुमारे ६ मीटर लागते. मशीनवर आकडेच नसतील तर ट्रिगर दहा सेकंद दाबून बाहेर आलेली वायर मोजा; १ मीटर आली तर मिनिटाला ६ झाली. हे आर्क न पेटवता, टॉर्च अंगापासून आणि जॉबपासून लांब धरून करायचं. व्होल्टेज १८ ते १९ च्या दरम्यान ठेवून सुरुवात करा. शुद्ध सीओटू असेल तर एक-दोन व्होल्ट जास्त.

मग वायर स्पीड तसाच ठेवा आणि फक्त व्होल्टेज बदला. दोन्ही एकदम बदललीत तर कशाने काय झालं ते कळणार नाही. व्होल्टेज कमी असेल तर वायर वितळण्याआधीच प्लेटवर आपटते, टॉर्च हाताला मागे ढकलल्यासारखी वाटते, आवाज खटखट येतो, बीड उंच आणि अरुंद. व्होल्टेज वाढवत जाल तसा बीड बसका आणि रुंद होत जातो आणि आवाज गुळगुळीत होतो. त्याच्याही पुढे गेलात तर आर्क लांब होतो, आवाज फुसफुस होतो, वायरच्या टोकाला मोठा थेंब लोंबायला लागतो, स्पॅटर मोठ्या दाण्यांचा पडतो आणि बीडच्या कडेला खाच, म्हणजे अंडरकट, दिसते. ज्या जागी आवाज सगळ्यात एकसारखा येतो तिथून जरासं वरच्या बाजूला थांबा. एका पट्टीवर अर्ध्या-अर्ध्या व्होल्टने वाढवत आठ बीड मारा आणि प्रत्येकाशेजारी खडूने आकडा लिहा. ही पट्टी फेकू नका. माझ्याकडे अशा पट्ट्यांचा गंजलेला ढीग आहे आणि नवीन मशीन आलं की अजूनही मी तो काढून बसतो.

इंडक्टन्सचं बटण असेल तर सध्या मधोमध ठेवा आणि विसरून जा.

हात आणि डोळा

मशीन निर्दोष असताना बीड बिघडवणारी गोष्ट म्हणजे स्टिक-आउट, टिपच्या तोंडापासून प्लेटपर्यंतचं अंतर. ते १० मिमीच्या आसपास हवं. नवीन माणूस नीट दिसावं म्हणून नकळत टॉर्च वर उचलतो. अंतर २० झालं की काय होतं? बाहेर असलेली लांब वायर स्वतःच करंटला अडवते आणि तापते, करंट पडतो, पेनिट्रेशन कमी होतं, पण वायर मात्र तेवढीच येत राहते. म्हणजे तेवढाच धातू, पण थंड. तो पसरत नाही, उभा राहतो. तुमच्या दोरीचं उरलेलं निम्मं कारण बहुधा हेच. शिवाय नोझल दूर गेल्याने गॅसची चादरही विरळ होते. टिप नोझलच्या आत फार खोल बसली असेल तरी हेच घडतं. शॉर्ट सर्किट कामाला टिप नोझलच्या तोंडाशी समपातळीत किंवा दोन-तीन मिमी बाहेर असलेली बरी.

कोन १० ते १५ अंश, त्याहून जास्त झुकवू नका. टॉर्च पुढे ढकलत नेली तर बीड पसरट आणि पेनिट्रेशन थोडं कमी. ओढत नेली तर बीड अरुंद, उंच आणि खोल. पातळ पत्र्याला ढकला. ३ मिमीला दोन्ही चालतं. टी जॉइंटमध्ये दोन्ही पट्ट्यांच्या मधोमध ४५ अंश. एक पट्टी जाड असेल तर आर्कचा रोख जाडीकडे ठेवा, कारण उष्णता तिलाच जास्त लागते.

बघायचं काय? आर्ककडे नाही. आर्क डोळे खेचून घेतो, पण सांगत काहीच नाही. त्याच्या मागे जे चमकतं डबकं असतं त्याच्या कडा बघा. कडा प्लेटमध्ये मिसळतायत का, डबक्याची रुंदी सारखी आहे का. वायरचं टोक डबक्याच्या पुढच्या कडेवर ठेवा. मागे राहिलं तर वायर वितळलेल्या धातूवरच पडते आणि खालची प्लेट वितळतच नाही. दिसत नसेल तर आधी हेल्मेटची बाहेरची पारदर्शक काच बदला. तिच्यावर बसलेल्या स्पॅटरच्या ठिपक्यांना लोक स्वतःच्या हाताची चूक समजतात. या करंटला शेड १० किंवा ११ पुरते.

वेग बरोबर आहे का, ते गार झालेल्या बीडच्या लहरी सांगतात. लहरी गोलसर असतील तर ठीक. बाणाच्या टोकासारख्या लांबट, टोकदार असतील तर हात पळतोय. ३ मिमीच्या पट्टीवर बीड ५-६ मिमी रुंद यावा. दोन्ही हात वापरा, एका हाताचं मनगट किंवा कोपर टेबलावर टेकवा, आणि आर्क पेटवण्याआधी टॉर्च सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा कोरडी फिरवून बघा. मधेच कोपर अडत असेल तर उभं राहायची जागा बदला. नागमोडी विणकाम सध्या नको. सरळ रेष आधी जमू दे.

सुरुवात करण्याआधी वायरच्या टोकावरचा गोळा तिरपा कापून टाका, आर्क लगेच धरतो. शेवटी ट्रिगर सोडण्याआधी क्षणभर थांबून खड्डा भरा, आणि टॉर्च लगेच उचलू नका, मागून येणारा गॅस गोठणाऱ्या धातूवर राहू द्या. तो खड्डा तसाच राहिला तर तडा तिथूनच सुरू होतो. बीडवर तपकिरी, काचेसारखे ठिपके दिसले तर घाबरू नका. वायरमधला सिलिकॉन ऑक्सिजन पकडून वर आलेला असतो. वरून दुसरा बीड घ्यायचा असेल तर ब्रशने काढा, एवढंच.

दिसायला चांगला म्हणजे जोडला गेलेला नव्हे

मिगची ही सगळ्यात वाईट खोड. स्टिकचं वाईट वेल्डिंग वाईट दिसतं. मिगचं वाईट वेल्डिंग कधी कधी देखणं दिसतं, वरून कीर्तन आतून तमाशा. शॉर्ट सर्किट पद्धतीत उष्णता कमी असते, आणि ६ मिमीच्या थंड प्लेटवर बीड नुसता चिकटवल्यासारखा बसू शकतो. म्हणून जाड कामाला कडा तासून घ्या, आणि ज्यावर कोणाचा जीव अवलंबून आहे असं काही, जसं की ट्रेलर, जिना, उचलायचं हूक, ते अजून काही महिने हातात घेऊ नका.

तोपर्यंत स्वतःचे बीड तोडून बघा. १० सेंटीमीटरच्या दोन पट्ट्यांचा टी करा, फक्त एकाच बाजूने बीड मारा, गार होऊ द्या. मग उभी पट्टी बीड नसलेल्या बाजूने हातोड्याने ठोकून बीडवर दुमडा. चांगला बीड असेल तर पट्टी वाकून आडवी होईल आणि बीड धरून राहील. सुटलाच तर तुटलेली जागा उजेडात धरा. सगळीकडे करडी, खरखरीत, फाटलेली धातू दिसली तर जोड झाला होता, नुसता लहान पडला. पण पट्टीची मूळ कापलेली कड जशीच्या तशी, सरळ, ग्राइंडरच्या रेघांसकट शाबूत दिसली, तर आर्क मुळापर्यंत गेलाच नव्हता. मला तुमच्या पहिल्या पट्टीत अशी कड दिसेल असं वाटतं, सुरुवातीच्या दोन सेंटीमीटरमध्ये तरी, कारण तिथे प्लेट थंड असते. पोलॅरिटी, अर्थ आणि टिप बघून झालं की स्टिक-आउट १० वर आणा, स्केल ग्राइंड करा, आणि दुसरी पट्टी तशीच तोडा. दोन्ही तुकडे शेजारी ठेवून त्यांचा फोटो आणि वापरलेले आकडे पाठवा, पुढचं त्यावरून बोलू.